रात्रीचा खोकला, ओले कपडे आणि आजीची धुरी: सिडकोतल्या एका घराचे वर्षभराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब नाशिकच्या सिडको भागात भाड्याने राहते. ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदललेले आहेत. घर तळमजल्याचे, वर थेट स्लॅब. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून मोरी आणि पत्र्याखाली चिंचोळी पडवी. वडील अंबडच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतात आणि पाळी दर आठवड्याला बदलते. आई एका पतसंस्थेत दहा ते साडेपाच असते. थोरली मुलगी चार वर्षांची, सकाळी साडेआठ ते साडेअकरा बालवाडीत जाणारी. धाकटा मुलगा जूनमध्ये, म्हणजे या प्रकरणाच्या सुरुवातीला, दहा महिन्यांचा होता. आईची बाळंतपणाची रजा संपल्यावर त्याला सांभाळायला वडिलांची आई सिन्नर तालुक्यातल्या गावाहून येऊन राहिली.

ही रचना नाशिकमध्ये घरोघर दिसते. दिवसातले सात-आठ तास मुले आजीच्या हातात असतात, पण घरातले निर्णय नवरा-बायको रात्री मुले झोपल्यावर घेतात. या घराच्या अडचणीचे मूळ बऱ्याच अंशी इथे होते, हे मात्र सगळ्यांच्याच उशिरा लक्षात आले.

अडचण

जूनच्या मध्याला पाऊस सुरू झाला आणि जुलैअखेरपर्यंत घरात एकही आठवडा धड गेला नाही. थोरलीला बालवाडीतून सर्दी लागायची, चार दिवसांनी ती धाकट्याला व्हायची. सर्दी बरी झाली तरी दोघांचाही रात्रीचा खोकला थांबत नसे. मध्यंतरी धाकट्याला दोनदा जुलाब झाले, दुसऱ्या वेळी एक दिवस सलाइन लावावे लागले. सप्टेंबर संपेपर्यंत आईच्या अकरा रजा यात गेल्या. त्यातल्या शेवटच्या तीन बिनपगारी होत्या.

घरातले वातावरणही बिघडले. आजीच्या मते मुलांना रोज न्हाऊ घातल्यामुळे आणि डायपरमुळे थंडी बाधत होती. आईच्या मते आजीची धुरी आणि मच्छर अगरबत्तीचा धूर बाधत होता. तिसऱ्या पाळीवरून येऊन दिवसा झोपणाऱ्या वडिलांना दोन्ही बाजूंचे अर्धे-अर्धेच ऐकू येत होते.

समोर असलेले पर्याय

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चार गोष्टींचा विचार झाला.

पहिली, आईने नोकरी सोडायची. घरभाडे आणि बालवाडीची फी धरली तर एका पगारात महिना निघत नव्हता. शिवाय आजारपणाचे कारण घरातल्या हवेत आणि पाण्यात असेल तर आई घरी बसून ते जाणार नव्हते. हा पर्याय गैरसोयीचा म्हणून बाजूला पडला, पण तो बाजूला पडायला हवा होता तो या दुसऱ्या कारणासाठी.

दुसरी, धाकट्याला घेऊन आजीने पावसाळाभर गावी जायचे. आजीची याला तयारी होती. पण मूल अजून सकाळी, संध्याकाळी आणि रात्री आईचे दूध पीत होते, आणि गावाहून दवाखाना लांब होता.

तिसरी, डॉक्टर बदलायचा, किंवा 'ताकदीचे' टॉनिक आणि खोकल्याचे औषध सुरू करायचे. शेजारच्या बाईंनी एका सिरपचे नावही सांगितले होते. लहान मुलांच्या बाबतीत हा सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे. बालवाडीच्या वयाच्या मुलांना वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणे नेहमीचे असते, आणि खोकल्याच्या सिरपने ती लवकर बरी होत नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावले आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत.

चौथी गोष्ट त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनी सुचवली. तीन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद ठेवायची. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकटीत रोज चार खुणा करायच्या: रात्री खोकल्याने मूल उठले का, अगरबत्ती लावली होती का, खोलीत कपडे वाळत होते का, जुलाब किंवा उलटी झाली का. आजीला अक्षरे वाचण्यापेक्षा खुणा सोयीच्या होत्या, म्हणून टिकली, रेघ, फुली आणि गोल अशी चिन्हे ठरली.

तीन आठवड्यांनी कागदावर जे दिसले ते कोणालाच पूर्ण पटणारे नव्हते, आणि म्हणूनच उपयोगी ठरले. रोजच्या अंघोळीचा खोकल्याशी संबंध दिसला नाही. नुसती अगरबत्ती लावलेल्या रात्री खोकला थोडा वाढलेला होता. पण अगरबत्ती, बंद खिडक्या आणि खोलीभर वाळत घातलेले कपडे असे तिन्ही एकत्र आले त्या जवळजवळ प्रत्येक रात्री धाकटा दोन-तीनदा खोकत उठला होता. एका घरातल्या तीन आठवड्यांच्या खुणांवरून शास्त्र सिद्ध होत नाही. सुरुवात कुठून करायची, एवढे मात्र त्यांवरून ठरले.

पावसाळा: ओल आणि धूर

वडिलांनी ताणकाट्यावर एका संध्याकाळी पिळलेले कपडे तोलले: पाच किलो आठशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर तेच कपडे चार किलो शंभर भरले. म्हणजे एका रात्रीत एक लिटर सातशे मिलिलिटर पाणी मुलांच्या झोपायच्या खोलीतल्या हवेत गेले होते, तेही खिडक्या बंद असताना. मागच्या भिंतीला गच्चीच्या पाइपाची गळती होतीच. कपाटामागे काळी बुरशी धरली होती.

घरात सेमी-ऑटोमॅटिक मशीन होते, पण वीज वाचावी म्हणून त्याचा पिळणी ड्रम फक्त चादरींसाठी वापरला जाई. तिथपासून बदल केला. प्रत्येक घाणा दोनदा पिळायचा, दर वेळी चार ते पाच मिनिटे. ड्रम अर्ध्याहून जास्त भरायचा नाही, कारण गच्च भरला की तो हलतो, आपोआप थांबतो आणि मधले कपडे ओलेच राहतात. धुणे संध्याकाळऐवजी सकाळी. पहिल्या पाळीच्या आठवड्यात आई सहाला मशीन लावते, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात वडील आठ-साडेआठला. कपडे पडवीत, पत्र्याखाली, दोन दोऱ्यांमध्ये किमान वीतभर अंतर ठेवून. पाच वाजेपर्यंत जे ओले राहील ते स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत नाही. लंगोट पूर्ण वाळल्यावर इस्त्री करून मगच घडी घालायची, कारण दमट लंगोटाने मांडीच्या सांध्यात लाल चट्टे येतात. रात्री एक डायपर.

अगरबत्तीचा निर्णय मात्र पहिल्यांदा फसला. आई-वडिलांनी एका रविवारी घरातला पुडा टाकून दिला आणि प्लगमध्ये लावायचे द्रव आणले. आजीला काही सांगितले नाही. दोन दिवसांत आजीने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून नवा पुडा आणला. तिचे म्हणणे साधे होते: दुपारी वीज गेली की प्लग बंद पडतो, डास पोराला फोडून काढतात, आणि जाब मला विचारला जातो.

या क्षणी घरात भांडण झाले असते तर प्रकरण इथेच संपले असते. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी आजीला समोरच्या खुर्चीवर बसवून विचारले, "आजी, अगरबत्ती काढली तर तुम्हाला दिवसभरात कुठे कुठे अडचण येते ते सांगा." तिने तीन अडचणी सांगितल्या. दुपारी वीज जाते. मच्छरदाणीत पंख्याचे वारे लागत नाही. आणि बाळाला न्हाऊन झाल्यावर ओव्याची धुरी दिली नाही तर छाती भरते, असे तिच्या चार मुलांच्या वेळचे अनुभव होते.

त्यावर ठरले ते असे. मच्छरदाणी विकतची, पण मोठी: आजी आणि दोन्ही मुले एकाच गादीवर मावतील एवढी, सहा फूट उंचीवर चार खुंट्यांना बांधलेली. वरचे कापडी छत काढून तिथे जाळीच शिवून घेतली, म्हणजे छताच्या पंख्याचे वारे खाली येते. खालच्या कडेला वीतभर रुंद सुती पट्टी लावली, कारण नुसती जाळी गादीखाली खोचली की चार दिवसांत फाटते. दुपारच्या झोपेलाही तीच. धुरी बंद, पण न्हाल्यानंतरचा शेक चालू. तव्यावर सुती कापड गरम करायचे, आजीने ते आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहायचे आणि मग बाळाच्या पाठीला. ओव्याच्या पुरचुंडीत आजी कापूर घालायची, तो काढला. कापूर लहान मुलाच्या तोंडात गेला तर झटके येऊ शकतात, आणि रांगणारे मूल पुरचुंडी तोंडात घालणारच. हे कारण कळल्यावर आजीने देवघरातला कापूरही वरच्या फळीवर ठेवला.

आजी पहिल्या आठवड्यात नाराज होती. मच्छरदाणीतून रात्री उठताना तिचा पाय अडकायचा. एका बाजूची खुंटी दोन इंच खाली घेऊन तिच्या बाजूची पट्टी मोकळी सोडल्यावर तीही तक्रार संपली. असल्या बारीक दुरुस्त्यांवरच मोठा निर्णय टिकतो किंवा बारगळतो.

डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतात आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून शनिवार हा घरातला कोरडा दिवस ठरला. पिंप रिकामे करून आतली कड घासायची, कुंड्यांखालच्या थाळ्या उपड्या करायच्या, आणि सहसा विसरला जाणारा फ्रिजच्या मागचा ट्रे ओतायचा. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, त्यामुळे घासणे महत्त्वाचे.

पावसाळा: जुलाब

जुलाबाचे मूळ शोधताना सगळ्यांचा संशय आधी नळाच्या पाण्यावर गेला, आणि पहिल्या पावसात पाणी गढूळ येत होतेच. पण मोठ्यांना काही झाले नव्हते, थोरलीलाही नाही. उरली ती धाकट्याची दुधाची बाटली. ती सकाळी एकदा उकळून घेतली जाई आणि दिवसभरात तीन-चार वेळा फक्त विसळून वापरली जाई. बुचाच्या भोकात आणि आट्यांमध्ये दुधाची साय राहते, आणि दमट हवेत ती काही तासांत नासते.

बाटली बंद करून वाटी-चमचा सुरू केला. चार दिवस दूध अर्धे सांडले, आठव्या दिवशी मूल वाटीला तोंड लावून पिऊ लागले. स्टीलची वाटी साबणाने घासून उकळत्या पाण्यात बुडवणे हे आजीला बाटलीपेक्षा कितीतरी सोपे गेले.

पाण्यासाठी क्रम ठरला: गढूळ पाण्यात तुरटी पाच-सहा वेढे फिरवायची, तासभर निवळू द्यायचे, वरचे पाणी हलक्या हाताने ओतून दुहेरी सुती कापडातून गाळायचे, मग खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट तसेच ठेवायचे. उकळलेले पाणी झाकणाच्या आणि तोटीच्या स्टीलच्या टाकीत. पेला बुडवून पाणी घेतले की उकळण्याचा सगळा खटाटोप वाया जातो.

आणि साबण. तो मोरीत आतल्या बाजूला, आजीच्या हाताला न येणाऱ्या फळीवर होता. लंगोट बदलल्यावर ती हात पाण्याने धुवायची. साबणदाणी ओट्याशेजारच्या नळाजवळ खिळ्याला टांगली, त्याला एक रुपयाही लागला नाही.

दुसऱ्या जुलाबाच्या वेळी झालेली चूक मात्र गंभीर होती, आणि ती अनेक घरांत होते. ओआरएसची मोठी पुडी, जी एक लिटर पाण्यासाठी असते, ती फुलपात्रभर पाण्यात कालवून थोडी थोडी दिली गेली. एवढे दाट मीठ बाळाच्या शरीरातले पाणी आणखी ओढते, रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. बाजारात २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, त्यामुळे गोंधळ होतो. या घरात आता एकच आकार आणला जातो, एक लिटरचा. त्याच्यासाठी एक लिटरची बाटली वेगळी ठेवलेली आहे. पूर्ण पुडी, पूर्ण बाटली, चोवीस तासांनी उरलेले फेकायचे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. दुकानात मिळणारी ओआरएससारखी दिसणारी गोड पेये यासाठी चालत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली, ती याच कारणाने.

झिंकच्या गोळ्या सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस द्यायच्या असतात. पहिल्या वेळी जुलाब चौथ्या दिवशी थांबले आणि गोळ्याही तिथेच थांबल्या. दुसऱ्या वेळी आजीने पट्टी दिनदर्शिकेला दोऱ्याने बांधली आणि चौदाही गोळ्या पूर्ण केल्या.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. शौचातून रक्त, पाणीही न पिणे, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल पडून राहणे: यातले काहीही दिसले तर वाट न पाहता दवाखाना. खोकल्यासाठी एकच मोजमाप: मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, वर्षानंतर पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खळगा पडताना दिसला, तर रात्रीसुद्धा निघायचे.

थंडी

निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी येते तेव्हा नाशिक शहरातही पहाटे हात गारठतात. या घरात दोन निर्णय महत्त्वाचे ठरले.

पहिला गॅस गिझरचा. तो मोरीतच बसवलेला होता. थंडीत दार बंद, आणि वारा येतो म्हणून वरची झडप पुठ्ठ्याने बुजवलेली. अशा बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि अंघोळ करणारा माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो. नोव्हेंबरमध्ये अंघोळ घालताना आईला दोनदा गरगरले, ते तिने जागरणावर ढकलले होते. डॉक्टरांकडे सहज बोलण्यात विषय निघाला आणि दुसऱ्याच दिवशी मेकॅनिककडून गिझर बाहेर पडवीत हलवला, पाइप भिंतीतून आत घेतला. घरमालकाने आधी भोक पाडू द्यायला नकार दिला, मग कारण ऐकल्यावर लगेच होकार दिला. झडपेचा पुठ्ठा काढला तो कायमचा. याच कारणाने रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवणेही बंद झाले. आजी शेगडीवर आता संध्याकाळी, बाहेर अंगणात हात शेकते.

अंघोळीची वेळ सकाळी आठवरून अकरावर नेली, पडवीत ऊन येते तेव्हा. आधी तिळाचे तेल, मग पाणी. बादलीत आधी थंड पाणी, मग त्यात गरम. क्रम उलटा केला आणि मूल मध्येच वाकले तर भाजते. कोपराला कोमट लागले की पुरे.

दुसरा निर्णय बोरन्हाणाचा. जानेवारीत धाकटा सतरा महिन्यांचा होता. संक्रांत ते रथसप्तमीच्या मध्ये बोरन्हाण करायचे आजीने ठरवले होते आणि बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, हलवा अशी यादीही काढली होती. आईला भीती वाटली ती योग्यच होती. बोर, शेंगदाणा, हरभरा हे सगळे नेमके लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतील अशा आकाराचे असते, आणि त्या दिवशी पाच-सहा मुले एकाच वेळी खाली पडलेले वेचून तोंडात घालत असतात.

सुरुवातीला आईने कार्यक्रमच नको म्हटले. आजी दोन दिवस बोलली नाही. मार्ग आजीनेच काढला: "डोक्यावरून चुरमुरे नि झेंडूच्या पाकळ्या घालू. बोरं न् ऊस ताटात राहू दे, मोठी पोरं असतील त्यांना हातात देऊ." पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मऊ तिळगुळाच्या वड्यांचे चुरलेले तुकडे ठेवले. बाहेरची मुले आली तेव्हा दारातच त्यांच्या आयांना सांगितले. काळे झबले, हलव्याचे दागिने सगळे झाले. दागिने फोटोपुरते, दोरा पक्का आहे ना हे पाहून, आणि लगेच काढून ठेवले.

मधाच्या बाबतीतही असाच एक वाद आधी मिटला होता. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. ऑगस्टमध्ये धाकट्याला वर्ष पूर्ण झाल्यावर थंडीत रात्री अर्धा चमचा मध सुरू केला. खोकल्याला तेवढ्याने आराम पडला.

उन्हाळा

उन्हाळ्याचा भाग लहान आहे, कारण तोवर घराला आधी ठरवण्याची सवय लागली होती. होळीनंतर स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, त्यामुळे संध्याकाळची भगभग कमी झाली. कूलर लावला की समोरची खिडकी चार बोटे उघडी, नाहीतर खोली नुसती दमट होते आणि मुलांच्या मानेवर घामोळे येते. कूलरची टाकी शनिवारच्या यादीत गेली. बाहेरचा खेळ सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर.

मे महिन्यात मुले आजीबरोबर दोन आठवडे गावी गेली. चालू लागलेल्या मुलाला गावात सर्वांत मोठा धोका जनावरांच्या हौदाचा आणि भरून ठेवलेल्या बादल्यांचा असतो. वीतभर पाण्यातही तोल जाऊन डोके खाली गेले तर मूल वर येऊ शकत नाही. वडील एक दिवस आधी जाऊन हौदावर लोखंडी जाळी बांधून आले. शहरातल्या घरातही पाणीकपातीच्या दिवसांत भरलेल्या बादल्या आता मोरीचे दार बाहेरून कडी लावूनच ठेवल्या जातात.

काय निष्पन्न झाले

दुसऱ्या पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये, आईच्या चार रजा गेल्या. धाकट्याला एकदा जुलाब झाले, घरीच ओआरएस आणि झिंकवर बरे झाले. खोकल्याने उठण्याच्या रात्री दिनदर्शिकेवर आधीच्या वर्षाच्या निम्म्याहून कमी होत्या. याचे सगळे श्रेय बदलांना देता येणार नाही. मुले एका वर्षाने मोठी झाली होती, आणि वयाबरोबर आजारपण थोडे कमी होतेच. थोरलीची सर्दी थंडीभर येत-जात राहिली, तिच्यात फारसा फरक पडला नाही. आईला मात्र आता प्रत्येक सर्दीला घाबरायला होत नाही, कारण कशाला थांबायचे आणि कशाला निघायचे हे कागदावर आहे.

आजी अजून घरात आहे. धुरी मधूनमधून तिच्या तोंडी येते, घरात येत नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, आजीला पहिल्या दिवसापासून बोलण्यात घ्यायला हवे होते. अगरबत्तीचा पुडा परस्पर फेकण्यात तीन आठवडे गेले, आणि आजीने सांगितलेल्या अडचणींतूनच पुढे चांगली मच्छरदाणी तयार झाली. जी व्यक्ती दुपारी दोन वाजता बाळाजवळ असते तिच्या सोयीशिवाय केलेला नियम दुपारी दोन वाजता पाळला जात नाही.

गच्चीच्या पाइपाची गळती एप्रिलमध्ये दुरुस्त व्हायला हवी होती. पावसात भिंत वाळत नाही, त्यामुळे लावलेले वॉटरप्रूफिंग धरत नाही. जुलैत केलेला पहिला खर्च वाया गेला, दुसऱ्यांदा करावा लागला. घरमालकाला लेखी कळवले असते, तर खर्च वाटूनही घेता आला असता.

इन्फ्लुएन्झाची लस पहिल्या वर्षी राहून गेली. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूची साथ चढते, त्यामुळे लस एप्रिल-मेमध्ये घेतली तर उपयोग होतो. सहा महिन्यांवरच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, हे धरून तारीख मागे मोजावी लागते. ही लस सरकारी मोफत वेळापत्रकात नाही, तेव्हा तिचे पैसेही आधीच बाजूला काढावे लागतात.

वडिलांच्या पाळीचा विचारही उशिरा झाला. धुणे, पाणी उकळणे, शनिवारची घासणी ही कामे आधी 'जमेल तो करेल' अशी होती, म्हणजे बहुतेक आईच करत होती. पाळीनुसार वाटणी लिहून चिकटवल्यावर दोन आठवड्यांत घडी बसली.

तारखांची अडचण आजीने सोडवली. इंग्रजी महिने तिच्या लक्षात राहत नाहीत, सण राहतात. अक्षय तृतीयेला पाइप, पत्रे आणि लसीचा दुसरा डोस झालेला आहे का ते पाहायचे. पोळ्याला मच्छरदाणीचे टाके तपासायचे. घटस्थापनेच्या आधी स्वेटर आणि गोधड्या दोन दिवस उन्हात. होळीला चुना आणि कूलर.

येत्या जूनमध्ये थोरली पहिलीत जाईल. दिवसभराची शाळा, रोजचा गणवेश, बूट आणि मोजे. पडवीतल्या दोरीवर आधीच जागा नाही, तेव्हा गणवेशाचे तीन जोड घ्यायचे की पत्रा आणखी तीन फूट पुढे वाढवायचा, यावर घरमालकाशी बोलणे चालू आहे.